वस्तू आणि रीत : ब्रॅथवेट यांच्या काव्यत्रयीतील आफ्रिकी वारसा

कॅरिबियन संस्कृतीतील आफ्रिकी वारशाची चर्चा पुष्कळदा अवशेषांच्या यादीपाशी थांबते. अमेरिका खंडातील कृष्णवर्णीयांना स्वतःचा भूतकाळ नाही, हा समज मेल्व्हिल हर्सकोविट्स यांनी १९४१ मध्ये खोडून काढला, तेव्हा अशा यादीला निश्चितच महत्त्व होते. परंतु यादीतील एकेका वस्तूचे मूळ तपासू लागले की ती डळमळते. बार्बाडोसच्या ‘कूकू’तील भेंडी आफ्रिकेची, पण मका अमेरिकेचा. मार्टिनिकच्या स्त्रियांच्या डोक्यावरील चौकड्यांचा रुमाल ‘मद्रास’ म्हणूनच ओळखला जातो. ते कापड मुळात भारतीय विणकरांचे. आफ्रिकी आहे ती पीठ घोटण्याची आणि रुमाल बांधण्याची रीत. वारसा सुट्या घटकांपेक्षा व्याकरणासारख्या अंतर्निहित तत्त्वांत शोधावा, हे सिडनी मिंट्झ व रिचर्ड प्राइस यांचे १९७६ मधील प्रतिपादन येथे उपयुक्त ठरते.

संगीतात ही प्रक्रिया अधिक स्पष्ट दिसते. त्रिनिदादमध्ये १८८० च्या दशकात वसाहतीच्या सरकारने ढोलवादनावर निर्बंध घातले. वादकांनी बांबू हाती घेतले; १९३० च्या दशकाच्या अखेरीस पत्र्याचे डबे आले आणि पुढे तेलाच्या पिंपांतून स्टीलपॅन घडले. वाद्य हिरावले गेले, तरी वादनाची जाण हिरावता आली नाही.

कामाउ ब्रॅथवेट (१९३०–२०२०) यांच्या ‘द अरायव्हंट्स’ या त्रयीचे वाचन या दृष्टीने व्हायला हवे. घानातील त्यांच्या वास्तव्याचा ठसा असलेल्या ‘मास्क्स’ (१९६८) मध्ये ढोल आयता येत नाही. कातडे, लाकूड, काठ्या अशा क्रमाने तो कवितेत घडवला जातो. आफ्रिकेत पोहोचलेला प्रवासी तेथे परकाच ठरतो. ‘आयलंड्स’ (१९६९) चा शेवट मात्र कॅरिबियन कार्निव्हलच्या पहाटे होतो. मूळस्थान परत मिळत नाही, घडवण्याची क्रिया मात्र सोबत येते. डेरेक वॉलकॉट यांनी १९७४ मध्ये ‘द म्यूझ ऑफ हिस्टरी’ या निबंधात भूतकाळाला जखडलेल्या साहित्यावर घेतलेला आक्षेप त्रयीतील देवतानामांच्या व स्थलनामांच्या उजळणीला काही अंशी लागू पडतो. ढोल घडवणाऱ्या कवितेला तो लागू पडत नाही.

प्रभाव-अभ्यास ‘हे कोठून आले?’ असे विचारतो. ‘हे कसे केले जाते, आणि कोणत्या बंदीनंतरही केले जात राहिले?’ हा प्रश्न त्याला जोडला नाही, तर मद्रासचा रुमाल केवळ भारतीय ठरेल आणि तो बांधणारे हात नोंदीबाहेर राहतील.