‘इतर’ नावाचा रकाना

काही वर्षांपूर्वी सरकारी निधीतून झालेल्या एका स्थलांतरविषयक संशोधनाच्या मूल्यमापन समितीवर मी होतो. विषय ऊसतोड कामगारांचा. आमच्या पुढ्यात छापील तक्ता होता. त्यात उद्दिष्ट, साध्य, उपयुक्तता असे रकाने आणि सर्वांत शेवटी ‘इतर’. संशोधकांनी मुकादमाकडून घेतलेली उचल, टोळीतली माणसं, कारखान्याचं गावापासूनचं अंतर असं बरंच काही मोजलं होतं. मात्र मोजण्याचं एकक होतं ‘कोयता’. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल जोडीला, हिशेबही जोडीचा. त्यामुळे त्यातली बाई किती तास राबली आणि तिच्या वाट्याला मजुरी किती आली, हा प्रश्न त्या एककात मावतच नव्हता. चमूतल्या एका तरुण संशोधिकेने तो अहवालाच्या शेवटी दीड पानात मांडला होता. त्या दीड पानाला कोणत्या रकान्यात गुण द्यायचे ते आम्हाला कळेना. मी ते ‘इतर’मध्ये टाकलं, ‘उपयुक्तता : समाधानकारक’ असं लिहिलं आणि सही केली.

ती सही मला टोचत राहिली. स्थलांतरितांवरच्या संशोधनाला सरकार पैसे देतं, तेव्हा त्या संशोधनाचं मूल्यमापन नेमकं कोणी, कोणासाठी आणि कशाच्या आधारावर करायचं, हे शोधत मी वाचू लागलो आणि नेदरलँड्समध्ये जाऊन पोहोचलो. त्याला कारण आहे. या देशात स्थलांतरितांविषयीचं संशोधन आणि धोरण जवळजवळ अर्धशतक एकमेकांचा हात धरून चाललं, आणि एका टप्प्यावर संसदेने त्या दोघांना एकाच पिंजऱ्यात उभं केलं. त्या खटल्याची कागदपत्रं एखाद्या कादंबरीसारखी वाचावीत अशी आहेत.

सुरुवात सत्तरच्या दशकातली. तुर्कस्तान आणि मोरोक्कोमधून ‘पाहुणे कामगार’ म्हणून आणलेली माणसं परत जातील अशी सरकारची समजूत होती. १९७५ साली सुरीनाम स्वतंत्र झालं आणि तिथून लोकांचा मोठा ओघ आला. (त्यांत १८७३ पासून उत्तर भारतातून मळ्यांवर गेलेल्या गिरमिटियांचे वंशजही होते. डच तक्त्यात ते फक्त ‘सुरीनामी’.) त्याच काळात मोलुक्कन तरुणांनी रेल्वेगाड्यांचं अपहरण केलं. सरकार हादरलं आणि त्याने अभ्यासकांना हाक मारली. १९७८ मध्ये अल्पसंख्याकांवरच्या संशोधनासाठी एक सल्लागार समिती स्थापन झाली. अध्यक्ष होत्या समाजशास्त्रज्ञ हिल्डा फेरवेइ-योंकर. पुढच्याच वर्षी शासकीय धोरणविषयक वैज्ञानिक परिषदेचा ‘वांशिक अल्पसंख्याक’ हा अहवाल आला. त्याला रिनुस पेनिंक्स यांचा पायाभूत अभ्यास जोडलेला होता. ही माणसं परत जाणार नाहीत, हे त्या अहवालाने सरकारला स्वच्छ सांगितलं. १९८३ च्या अल्पसंख्याक धोरणाची मांडणी बऱ्याच अंशी त्यावर उभी राहिली. १९८९ मध्ये त्याच परिषदेने सूर बदलला आणि संस्कृतीपेक्षा रोजगार व शिक्षणाकडे बघा, असं सांगितलं.

म्हणजे प्रश्न अभ्यासकांनी घडवला, शब्द त्यांनी दिले, पैसे सरकारने दिले, आणि धोरण झालं ते त्या शब्दांत. यान राथ यांनी १९९१ च्या आपल्या प्रबंधात याच्यावरच बोट ठेवलं. ‘अल्पसंख्याक’ हे आधीपासून समाजात असतात आणि संशोधक त्यांना शोधून काढतो, असं नसतं. विशिष्ट लोकांना सांस्कृतिकदृष्ट्या न बसणारे ठरवूनच त्यांचे अल्पसंख्याक बनवले जातात, आणि या घडणीत संशोधनाचाही हात असतो, असा त्यांचा युक्तिवाद. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात डच सरकारने आपल्याच गरीब, ‘असामाजिक’ कुटुंबांना ज्या नजरेने पाहिलं, तिच्याशी त्यांनी ही नजर ताडून पाहिली. मला हा त्या साऱ्या साहित्यातला सर्वांत धीट मुद्दा वाटतो. त्याची गैरसोय अशी की तो मान्य केला तर मूल्यमापनाचा तक्ताच फाडावा लागतो.

तो कोणी फाडला नाही. २००० च्या जानेवारीत पाउल स्खेफर यांचा ‘बहुसांस्कृतिक शोकनाट्य’ हा लेख गाजला. २००२ च्या मे महिन्यात पिम फोर्टाउन यांची हत्या झाली. हवा पालटली होती. त्याच वर्षी संसदेने तीस वर्षांच्या एकात्मीकरण धोरणाची चौकशी करायचं ठरवलं आणि पुढे स्तेफ ब्लोक यांच्या अध्यक्षतेखालची समिती कामाला लागली. धोरण फसलं हे जवळपास गृहीतच होतं. का फसलं तेवढं शोधायचं होतं. समितीने उपलब्ध संशोधनाचा आढावा घेण्याचं काम एका संशोधन संस्थेला दिलं, आणि तिथेच ठिणगी पडली. संस्था होती उट्रेक्टची फेरवेइ-योंकर इन्स्टिट्यूट. नाव त्याच बाईंचं. ज्या अभ्यासकांनी धोरणाला आकार दिला त्यांच्याच वर्तुळाकडे त्या धोरणाचा निवाडा सोपवला, असा गदारोळ झाला. खाटकाने आपलंच मटण तपासून शिक्का मारायचा, अशा अर्थाची एक म्हण डच भाषेत आहे. आपल्याकडे कुंपणच शेत खातं. तिथे कुंपणाला शेताचा पंचनामा करायला बसवलं, असं म्हणता येईल.

आक्षेप तत्त्वतः बरोबर होता. पण प्रश्न असा की बाहेरचा माणूस आणायचा कुठून? तीस वर्षं या विषयावर पैसे देणारं मुख्यतः सरकारच असेल, तर विषयाचा जाणकार आणि सरकारशी संबंध नसलेला, अशी दोन्ही लक्षणं असलेली व्यक्ती छोट्याशा देशात सापडणं कठीण. ‘तटस्थ’ हवा म्हणजे अडाणी हवा, इथवर ही मागणी घसरत जाते. माझ्या समितीवर मीही ‘तटस्थ’ म्हणूनच होतो. उसाच्या फडात मी एकदाही गेलो नव्हतो.

जानेवारी २००४ मध्ये ‘पूल बांधताना’ या नावाने ब्लोक समितीचा अहवाल आला. निष्कर्ष असा की अनेक स्थलांतरितांचं एकात्मीकरण पूर्णतः किंवा अंशतः यशस्वी झालं आहे, आणि त्याचं श्रेय सरकारी धोरणाला फारसं देता येत नाही. अहवाल रीतसर सादर होण्याआधीच मोठ्या पक्षांच्या नेत्यांनी तो भाबडा ठरवून बाजूला सारला होता. मला त्या वाक्यातला दुसरा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो, आणि त्याच्याकडेच कोणी वळून पाहिलं नाही. माणसं शिकली, कामाला लागली, त्यांनी घरं केली, आणि धोरण बाजूला उभं होतं. हे ना सरकारला सोयीचं, ना टीकाकारांना, ना त्या धोरणासाठी आकडे पुरवणाऱ्या अभ्यासकांना. आंद्रे कोबेन आणि हेंक ट्रोम्प यांनी संशोधनावर येणाऱ्या दबावांविषयी १९९९ मध्ये एक पुस्तक लिहिलं होतं, त्याचं नाव ‘नकोसा निरोप’. इथे निरोप तिघांनाही नकोसा होता.

आपल्या भाषेत एक सोय आहे. ‘सामावून घेणं’ म्हटलं की कर्ता यजमान असतो. ‘मिसळून जाणं’ म्हटलं की कर्ता पाहुणा. एकात्मीकरण हा जोडशब्द कर्ता लपवतो. डच धोरण त्या तीस वर्षांत पहिल्या क्रियापदाकडून दुसऱ्याकडे सरकलं. १९९८ च्या कायद्याने नवागतांना भाषेचे आणि समाजपरिचयाचे वर्ग सक्तीचे केले. तपासणीचे निकष मात्र आधीपासूनच दुसऱ्या क्रियापदाचे होते. नोकरी कोणाला मिळाली ते मोजलं जातं. कोणी नाकारली ते मोजणारे अभ्यास झाले, पण वार्षिक तक्त्यांच्या मध्यभागी ते क्वचितच आले.

आणि कोणाला मोजायचं? ज्याच्या आईवडिलांपैकी एक जरी परदेशी जन्मलेला, तो ‘अलोख्तोन’, म्हणजे दुसऱ्या भूमीचा. हा शब्द रूढ करण्याचं श्रेयही १९७१ मध्ये हिल्डाबाईंनी संपादित केलेल्या अहवालाला दिलं जातं. पुढे त्यात ‘पाश्चात्त्य’ आणि ‘अपाश्चात्त्य’ असे पोटभाग पाडले. जपान आणि इंडोनेशिया पाश्चात्त्य. आई अर्जेंटिनात जन्मलेली असल्यामुळे डच राजकन्या, नियमाने पाहिलं तर, अपाश्चात्त्य. २०१६ मध्ये तो शब्द सरकारी आकडेवारीतून काढायचं ठरलं. पाश्चात्त्य-अपाश्चात्त्य ही विभागणी २०२२ पर्यंत टिकली. याच विभागणीनुसार आम्स्टेलफेनमधली मराठी सॉफ्टवेअर कुटुंबंही अपाश्चात्त्यच होती. पण २००४ मध्येच, ब्लोक अहवालानंतर काही महिन्यांनी, उच्चकौशल्य असलेल्या स्थलांतरितांसाठी वेगळी योजना आली, आणि त्यांना ती नागरिकत्वाची सक्तीची परीक्षा नाही. दहा वर्षं राहून डच भाषेचं एक वाक्य न येणारा आपला इंजिनिअर कोणाच्या चिंतेचा विषय होत नाही. समाजशास्त्रज्ञ विलेम स्खिंकेल यांनी २०१८ मध्ये एकात्मीकरणाची मोजदादच बंद करा, असं लिहिलं ते अशाच विसंगतींवरून. काहींना ज्यांनी मोजलं जायचं आणि काहींना जे आधीच ‘समाज’ आहेत, अशी फाळणी ही मोजदाद गृहीत धरते. टीका मला पटते, उपाय पटत नाही. न मोजल्याने भेदभाव थांबत नाही, तो फक्त दिसेनासा होतो.

याच देशातली आणखी एक घटना सांगतो. निर्वासित केंद्रांतल्या रहिवाशांवरच्या गुन्ह्यांच्या संशयाचा एक सरकारी अहवाल २०१९ मध्ये आला. दुकानातल्या चोरीसारखे गुन्हे त्यात नावानिशी होते. खून, खुनाचा प्रयत्न, लैंगिक अत्याचार हे मात्र ‘इतर’ या रकान्यात. वृत्तपत्राने ते उघड केलं आणि खात्याचे राज्यमंत्री मार्क हार्बर्स यांना २१ मे रोजी राजीनामा द्यावा लागला. स्थलांतरितांच्या विरोधकांना वाटलं, सत्य दडपलं. पण ते आकडे उघड्यावर असते तर एकूणात किती लहान आहेत हेही दिसलं असतं. रकान्याने दोन्ही बाजूंचं नुकसान केलं.

ही बातमी वाचली त्या दिवशी मी जुनी फाइल काढली. त्या तक्त्याची माझ्याकडची प्रत कार्बनची आहे, अक्षरं पुसट झाली आहेत. ‘इतर’समोर माझ्या हातचे तीन शब्द आहेत : ‘स्त्रियांच्या मजुरीविषयी टिपण’. गुणांची जागा कोरी. संशोधिकेचं ते दीड पान अंतिम छापील अहवालात आलंच नव्हतं, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा लक्षात आलं. मी छापील प्रत कधी उघडलीच नव्हती.