मन गेलं ते कुठल्या रानात?

मंडळी, अजय-अतुल म्हटलं की आज पोराटोरांच्या तोंडी आधी ‘झिंगाट’ येतं. साहजिक आहे, २०१६ पासून गावोगावच्या वरातींनी ‘सैराट’ला सोडलेलं नाही. पण त्याच्या सात वर्षं आधी, २००९ च्या ‘जोगवा’त, या भावांनी एक प्रेमगीत केलं होतं : ‘मन रानात गेलं गं’. शब्द संजय कृष्णाजी पाटलांचे, आवाज श्रेया घोषालचा. त्याच चित्रपटातल्या ‘जीव रंगला’साठी हरिहरन आणि श्रेया घोषाल दोघांनाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, संगीताचा अजय-अतुलना. ‘लल्लाटी भंडार’ स्टेजवर गाजलं. या दोन गाण्यांच्या मधे हे तिसरं दबून गेलं. आमचं म्हणणं असं, की तिघांत खोल हेच आहे आणि ते कळायला पिंपळगाव रेणुकाईसारखं गाव लागतं.

कसं ते बघा. शहरातल्या श्रोत्याला ‘रान’ म्हटलं की जंगल दिसतं. हिरवंगार, मोकळं, प्रेम करायला सोयीचं. इथं सकाळी भाकरी बांधून निघालेल्या बाईला विचारा, कुठं? ती म्हणेल, रानात. म्हणजे शेतात. मिरची तोडायला, कापूस वेचायला, खुरपायला. इथल्या कानाला हे मन मजा मारायला गेलेलं नाही. रोज पाय जिथं जातात तिथंच ते गेलंय, फक्त आज कामाला नाही.

आता हे मन कुणाचं? सुलीचं, मुक्ता बर्वेनं उभ्या केलेल्या. देवीला सोडलेली मुलगी. तिच्यासमोर उपेंद्र लिमयेंचा तायप्पा, पुरुष असून लुगडं नेसायला लावलेला जोगता. राजीव पाटलांनी हा चित्रपट चारुता सागरांची ‘दर्शन’ ही कथा आणि राजन गवसांच्या ‘चौंडकं’, ‘भंडारभोग’ या कादंबऱ्यांवरून केला. जोगतिणीला लग्न नाही, परडी घेऊन दारोदार जोगवा मागायचा. तिला स्वतःचं रान कुठलं? पाय दारोदार आणि मन रानात! चित्रपटभर ही ओढाताण आहे, आणि आमच्या मते ती सगळी या एका ओळीएवढ्या नावात मावलीय.

आपल्या गावाच्या नावातच रेणुका आहे. माहूरची रेणुका आणि सौंदत्तीची यल्लम्मा एकच, असं भाविक मानतात. आपण तिची ओटी भरतो, नवरात्रात हौसेनं जोगवा मागतो. तिच्याच नावानं मुली सोडल्या जात होत्या, आणि ते थांबवायला कर्नाटकाला १९८२ साली नि महाराष्ट्राला २००५ साली कायदा करावा लागला. म्हणून हे गाणं इथं ऐकताना नुसतं ‘छान चाल’ म्हणून सोडून देता येत नाही.

व्याकरणाकडे पण जरा लक्ष द्या. ‘मी गेले’ असं ती म्हणत नाही. मन गेलं. जिला ‘मी’ म्हणायचा हक्कच ठेवलेला नाही, तिनं दुसरं काय म्हणावं? कुणाकडे गेलं, तेही मुखडा सांगत नाही. आणि शेवटी तो ‘गं’. बोलणं प्रियकराशी नाही, मैत्रिणीशी आहे, जात्यावरच्या ओवीसारखं. मनाची ही रीत आपल्या बोलीत जुनीच. डोंगरापलीकडे खानदेशात बहिणाबाईंनी मनाला उभ्या पिकात पुन्हा पुन्हा शिरणारं ढोर म्हटलं. तिथंही ते शेतातच शिरतं बरं का! फरक एवढाच, की बहिणाबाई ढोर हाकलत राहतात. सुलीला ते हाकलायचंच नाहीये.

सगळंच चांगलं आहे असं नाही. श्रेया घोषालचा सूर आम्हाला इथं जास्तच धुतलेला वाटतो. मातीचा कण त्यात अडकत नाही, बोलीचा ‘गं’ गुळगुळीत होतो. गाणं मागे पडलं त्याला हेही एक कारण असावं. गोड आहे म्हणून लोकांनी ते साधं धरलं.

पण पुढचा धागा इथूनच निघतो. ‘सैराट’मधलं ‘याड लागलं’ घ्या. तिथंही कर्ता ‘मी’ नाही. याड लागतं, आपण ते भोगतो. तोवर अजय-अतुलकडे लॉस एंजेलिसमध्ये रेकॉर्ड केलेला मोठा वाद्यवृंद आला होता. पण तो परशा निदान कुणाचं याड लागलं ते जाणतो, पोरीचं नाव घेऊ शकतो. सुलीजवळ सांगायला फक्त रान होतं.