लघ्वांत्राचे क्ष-किरण-परीक्षण : एका तुलनेविषयी

बेरियम पाजून ठराविक अंतराने छायाचित्रे घेणे ही लघ्वांत्र-परीक्षणाची रूढ रीत. १९४३ मध्ये शात्झ्की यांनी नळीवाटे बेरियम थेट लघ्वांत्रात सोडण्याचा पुरस्कार केला, आणि १९७० च्या दशकात डच क्ष-किरणतज्ज्ञ सेलिंक यांनी त्या पद्धतीस नेमके रूप दिले. जठरद्वार ओलांडले गेल्यामुळे प्रवाहाचा वेग परीक्षकाच्या हाती येतो, हेच तिचे खरे सामर्थ्य होय. मिनिटास सुमारे ७५ मिलिलिटर वेग राखल्यास वेटोळी नीट फुगतात व सौम्य आकुंचनेही प्रकट होतात. वेग अतिशय वाढविल्यास आतडे शिथिल पडते. एवढे मान्य करूनही दोन्ही पद्धतींची नेहमी होणारी तुलना आम्हांस एकांगी वाटते. पडद्यावर न पाहता, वेटोळी दाबाने अलग न करता उरकलेले परीक्षण जुन्या पद्धतीचा नमुना म्हणून पुढे करणे न्याय्य नव्हे. दक्षतेने केल्यास तीतही शेषांत्राचा क्षय पुष्कळदा स्पष्ट दिसतो; शिवाय रुग्णाचा नळीचा त्रास वाचतो (परीक्षार्थी हे सहसा लिहीत नाहीत). आता सीटी व एमआर यांनी दोहोंची जागा बव्हंशी घेतली आहे. परंतु द्रव पाजावा की नळीने सोडावा, हा प्रश्न तेथेही उरलाच आहे.