बाकावर कोण नाही, ते आधी मोजा

बसथांब्यांवरचा अहवाल हातात आला की मी आधी नमुना बघते. बरेचदा प्रश्नावली निवाऱ्यात बसलेल्यांकडूनच भरून घेतलेली असते आणि निष्कर्ष येतो, प्रवासी समाधानी. इथेच गोची आहे. मे महिन्यात दुपारी चारला वर्धा-सेवाग्राम रस्त्यावर बघा: बाक रिकामा, माणसं कडुनिंबाखाली नाहीतर पानटपरीच्या आडोशाला. ती नमुन्यात येतच नाहीत.

बाक रिकामा का? वर्धा सुमारे २०.७ अंश उत्तरेला. मेच्या उत्तरार्धात भरदुपारी सूर्य जवळपास डोक्यावर असतो, तेव्हा छत पुरतं. चारला तो पश्चिमेकडे ३७ अंशांच्या आसपास उतरतो आणि अडीच मीटर उंच छताची सावली सव्वातीन मीटर पूर्वेला सरकते. निवाऱ्याचं तोंड पश्चिमेला असेल तर ऊन थेट अंगावर, सावली पाठीमागच्या नालीत! वर तापलेला पत्रा. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना एकच आराखडा ठोकल्यावर दुसरं काय होणार? याच रस्त्याच्या टोकाला बापू कुटी आहे, खाली झुकलेलं कवेलूचं छप्पर, कडेने ओसरी. आराखडा काढणाऱ्यांनी ती एकदा तरी बघावी.

विल्यम व्हाइट यांनी न्यूयॉर्कच्या सीग्रॅम (सेवाग्राम नव्हे!) इमारतीसमोरच्या चौकात कॅमेरा लावून माणसं कुठे बसतात ते टिपलं, पुस्तक १९८० चं. आपल्याला वही-पेन पुरे. दर दहा मिनिटांनी निवाऱ्यात किती, झाडाखाली किती, उन्हात किती, एवढं लिहा. प्रश्नावली त्यानंतर. पहिल्या फेरीत मीही बाकावरच्यांनाच विचारत बसले होते. तो फॉर्मचा गठ्ठा अजून कपाटात पडून आहे.