दार कोणी उघडले?

मार्टिन गार्डनर या अमेरिकन लेखकाने १९५९ साली ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात एक कोडे घातले. एका गृहस्थांना दोन अपत्ये. त्यांत निदान एक मुलगा. तर दोघेही मुलगेच असण्याचा संभव किती? कोणीही चटकन म्हणेल, निम्मा. गार्डनरचे उत्तर होते, एक-तृतीयांश.

कथा म्हणून मला हे कोडे अपुरे वाटते. घरात मुलगा आहे हे आपल्याला कळले कसे, तेच त्यात नाही. आमच्या मुलुंडमधली दोन-दोन मुलांची १०० बिऱ्हाडे घ्या. मुलगा-मुलगी होण्याचा संभव सारखाच धरला, तर साधारण २५ घरी दोन मुलगे, २५ घरी दोन मुली आणि ५० घरी एकेक. “मुलगा आहे ना हो?” असे विचारीत गेलात, तर ७५ घरे ‘आहे’ म्हणतील, दोन मुलग्यांची त्यांत २५. गार्डनर खरा! पण फराळाचे ताट घेऊन गेलात आणि दोघांपैकी जे मूल दाराजवळ असेल त्याने कडी काढली, तर मुलगा ५० दारांतच दिसेल. त्यांतली २५ दोन मुलग्यांची. म्हणजे निम्मा. कोड्यातली ही संदिग्धता गार्डनरने पुढे स्वतःच मान्य केली, हा त्याचा मोठेपणा.

मात्र दाराजवळ कोण असेल, हे आपल्या घरांत निव्वळ योगायोगावर थोडेच असते? दार उघडायला नेहमी मुलगाच धावत असेल, तर तो ७५ दारांत दिसतो आणि उत्तर पुन्हा एक-तृतीयांशावर येते. त्या ७५ घरांपैकी ५० घरांत त्याची बहीण तेव्हा आत चकल्या पाडीत बसलेली असते.