संहितेतील दार आणि प्रयोगातील दार : 'शांतता! कोर्ट चालू आहे'च्या अध्यापनाच्या निमित्ताने

मराठी विभागांतून नाटक शिकविले जाते ते प्राधान्याने साहित्यप्रकार म्हणून. कथानक, पात्रचित्रण, संघर्ष, संवाद व भाषाशैली या ठरलेल्या घटकांनुसार विवेचन केले की नाटकाचा अभ्यास पूर्ण झाला, असे आपण मानतो. पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र (१९८७) किंवा मुंबई विद्यापीठाची अकादमी ऑफ थिएटर आर्ट्स (२००३) येथे संहितेचा विचार प्रयोगाच्या अंगाने होतो. तथापि ग्रामीण महाविद्यालयातील बी.ए. वा एम.ए.च्या विद्यार्थ्यापर्यंत ही दृष्टी क्वचितच पोहोचते. या अंतरामुळे नाटकाच्या अर्थाचेच कसे नुकसान होते, याचा विचार विजय तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे' या नाटकाच्या आधारे येथे करावयाचा आहे.

१९६७ मध्ये 'रंगायन'ने अरविंद देशपांडे यांच्या दिग्दर्शनाखाली हे नाटक रंगमंचावर आणले. सुलभा देशपांडे यांची बेणारे त्यातून अजरामर झाली. वर्गात मात्र हे नाटक बहुधा दोन मुद्द्यांत आटोपते : स्त्रीचे शोषण आणि मध्यमवर्गीय दांभिकता. दोन्ही मुद्दे खरेच आहेत, परंतु ते नाटक न वाचताही लिहिता येतात. उत्तरपत्रिकांतून तसा अनुभव आपण सर्वच घेतो.

प्रयोगाच्या अंगाने वाचले म्हणजे काय दिसते? प्रारंभीच सभागृहाच्या दाराची कडी बेणारेच्या बोटाला लागते. वाचताना ही किरकोळ बाब वाटते. पुढे खटला अंगावर येऊ लागताच ती बाहेर पडू पाहते, तेव्हा तेच दार उघडत नाही. बाहेरून कडी पडलेली असते. प्रेक्षकाच्या नजरेसमोर दार सतत असते, वाचक मात्र ते विसरून जातो. बेणारेच्या अखेरच्या स्वगताचेही तसेच. काशीकर तिला निवेदनासाठी अवघे दहा सेकंद देतात, प्रकाश बदलतो, सारे कोर्ट गोठते आणि ती बोलू लागते. स्वगत संपते तेव्हा ती पूर्ववत निश्चल असते आणि आरोपीला काही सांगावयाचे नाही, अशी नोंद न्यायाधीश करतात. पुस्तकात पानेच्या पाने चाललेले हे बोलणे त्या कोर्टात कोणी ऐकलेलेच नाही. रंगसूचना गाळून स्वगताचा 'उतारा' संदर्भासह स्पष्टीकरणासाठी देणाऱ्या प्रश्नपत्रिका या मौनाचेच भाषण करून टाकतात.

तथापि माझ्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा प्रश्न सामंताचा आहे, आणि तो मला विद्यार्थ्यांनी शिकविला. तृतीय वर्षाच्या वर्गासमवेत काशीद येथील एका सभामंडपात आम्ही या नाटकाचे अभिवाचन केले. सामंत हे 'भोळे, निरागस, पूरक पात्र' असे मी कित्येक वर्षे एका वाक्यात सांगत आलो होतो. सामंत वाचणारा मुलगा काशीदचाच. पहिल्या अंकानंतर त्याने विचारले, "सर, ही माणसं मुंबईहून येतात, ह्याला सिगरेटी आणायला पाठवतात, आणि खेळ शिकवतो म्हणून ह्याच्याच समोर तिचं हे सगळं करतात. तो कोण मग?"

हा प्रश्न सुट्टीच्या दिवशी रेवदंडा-मुरुड रस्त्यावर मोटारींची रांग पाहणाऱ्या, पाहुण्यांना वाट, खोली व चहा पुरविणाऱ्या मुलाचा होता. त्याला सामंत अनोळखी नव्हता. संहितेत शोधू गेल्यास प्रश्नाला भक्कम आधारही सापडतो. रात्रीचा नियोजित अभिरूप खटला अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांच्यावर अण्वस्त्रांसंबंधी आहे. रावते आजारी पडल्याने बदली माणूस म्हणून सामंताला घेतले जाते आणि त्याला कोर्टाची रीत कळावी म्हणूनच हा दुसरा, बेणारेवरचा खटला उभा राहतो. म्हणजे सामंताचे अज्ञान हेच या छळाचे निमित्त आहे. पुढे साक्षीदार म्हणून तो हातातल्या कादंबरीतले प्रसंग रचून सांगतो, आणि ते काल्पनिक शब्दच सुखात्मे आरोपाच्या कामी लावतात. दामले प्रत्यक्षात अनुपस्थित. त्याला कोर्टात आणतो तो सामंताच्या हातातला कागद.

सामंताला यामुळे दोषी ठरवावे, असे मला म्हणावयाचे नाही. नाटकातले गाव अनाम आहे. त्याला कोकणात ओढून आणणेही उचित नव्हे. पण 'निरागस' या विशेषणाने आपण त्याला चौकशीतून मुक्त केले, हे मात्र मान्य करावे लागेल. शहरी समीक्षकाला हे पात्र पार्श्वभूमीसारखे वाटले असेल, तर त्यात काही अंशी समीक्षकाच्या बसण्याच्या जागेचाही वाटा आहे.

शेवटच्या प्रसंगाच्या वेळी आम्ही वाचन थांबवून जागा मोजल्या. पुतण्यासाठी आणलेला हिरवा कापडी पोपट सामंत कोसळलेल्या बेणारेपाशी ठेवतो. पण अवघडून, दुरूनच. किती दुरून? एका विद्यार्थिनीने तो हाताच्या अंतरावर ठेवावयास सांगितले. सामंत वाचणाऱ्याने नकार दिला. त्याने वहीची गुंडाळी पोपट म्हणून दाराजवळच ठेवली आणि तो बाहेर जाऊन उभा राहिला. त्या दोन जागांविषयी मुले परतीच्या एस.टी.तही भांडत होती.