‘शुष्क पानझडी’ : एका संज्ञेचे परीक्षण

मराठीत वनप्रकारांसाठी आज ज्या संज्ञा रूढ आहेत, त्यांचे मूळ बहुतांशी हॅरी चॅम्पियन यांच्या १९३६ च्या पाहणीत आणि चॅम्पियन व सेठ यांनी १९६८ साली सिद्ध केलेल्या तिच्या सुधारित आवृत्तीत आहे. या आवृत्तीत भारतातील वने सोळा गटांत मांडली आहेत. त्यांतील ‘दक्षिणेकडील उष्ण कटिबंधीय शुष्क पानझडी वने’ या उपगटात सातपुड्याच्या खानदेशाकडील उतारांवरचे बहुतेक रान मोडते. संज्ञा लांबलचक आहे, हा तिचा खरा दोष नव्हे. तिच्यातील एकेक पद सोडवून पाहिले असता दिशा, कटिबंध, कोरडेपणा आणि पानगळ एवढ्या चार गोष्टी हाती लागतात. ज्या जमिनीवर ते झाड उभे आहे तिचा मात्र कोठेही निर्देश नाही.

शहादे तालुक्यातील ब्राह्मणपुरी या गावाचा परिसर या संज्ञेच्या परीक्षेसाठी सोयीचा आहे. दक्षिणेस तापीखोऱ्याची खोल काळी जमीन आणि उत्तरेस सातपुडा, अशा पट्ट्यातील हे गाव. हवामानाचा प्रभाव येथे नाकारता येत नाही. नंदुरबार जिल्ह्याच्या पश्चिमेस, नवापूर व अक्कलकुवा या भागांत, पाऊस अधिक. पूर्वेस शहाद्याकडे तो उणावतो. तोरणमाळाच्या उंचीवर हवा पुन्हा पालटते. परंतु एकच टेकडी घेतली आणि तिच्या माथ्यापासून पायथ्यापर्यंत उतरत गेले, तर चित्र निराळे दिसते. माथ्यावरील उघड्या कातळावर व पातळ मुरमावर सलई. तिच्या खाली धावडा, आणि जेथे खडकाला भेगा आहेत तेथे अंजन. उतार मंदावून माती साचली, की साग चांगला पोसतो व मोह दिसू लागतो. नाल्याच्या काठी अर्जुनसादडा, करंज आणि उंबर. आणि सपाटीवरील चिकण काळीत पळस व बाभूळ. एवढ्या अंतरात पावसाचे मान बदलत नाही, तरी झाड बदलते. संज्ञा मात्र माथ्यापासून पायथ्यापर्यंत एकच राहते.

याचे कारण पाषाणात आहे. सातपुड्याचा हा भाग लाव्ह्याच्या एकावर एक पसरलेल्या थरांचा बनलेला आहे. कठीण थरांचे कडे उभे राहतात, मऊ थर लवकर झिजतात, आणि डोंगराला पायऱ्यांचे रूप येते. पायरीच्या कडेवर माती टिकत नाही. पायरीच्या सपाटीवर ती जमते. पावसाळ्याचे चार महिने संपल्यावर झाडाला पुढचे आठ महिने काढावयाचे असतात, ते जमिनीत साठलेल्या ओलाव्यावर. पातळ मुरमावर पडलेले पाणी काही दिवसांतच वाहून वा झिरपून जाते. खोल गाळमातीत ते हिवाळ्यापर्यंत पुरते. काळ्या चिकण मातीची तऱ्हा आणखी वेगळी. ती पाणी पुष्कळ धरते, परंतु पावसाळ्यात तिच्यातील हवा कोंडते आणि उन्हाळ्यात ती भेगाळून बारीक मुळे तोडते. साग पाण्याचा निचरा मागतो, म्हणून तापीकाठच्या उत्तम काळीतही तो खुरटतो. मात्र चुन्याचा अंश त्याला मानवतो, म्हणून बेसाल्टापासून झालेल्या, निचऱ्याच्या जमिनीत तो जोमाने वाढतो. अंजनाचे सोटमूळ खडकाच्या फटीतून खोल उतरते. सागाला जी जागा नकोशी, ती अंजनाला चालते.

सागाच्या खोडात वर्षागणिक वलये उमटतात आणि त्यांवरून पावसाचा इतिहास वाचता येतो, ही गोष्ट हवामानाच्या बाजूने नेहमी पुढे केली जाते. पंत व बोरगावकर यांनी ठाणे भागातील सागाच्या वलयांचा अभ्यास १९८३ साली प्रसिद्ध केला; पुढे २०१० साली दक्षिण भारतातील सागावरून ५२३ वर्षांची मालिका सिद्ध झाली. हे काम मोलाचे आहे. तथापि वलयाची रुंदी ही पडलेल्या पावसाची सरळ नोंद नव्हे. मुळांपर्यंत पोचलेल्या आणि तेथे टिकलेल्या पाण्याची ती नोंद असते. पाऊस आणि वलय यांच्या मध्ये माती बसलेली आहे.

चॅम्पियन-सेठ यांना ही गोष्ट ठाऊक नव्हती असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्यांच्या वर्गीकरणात हवामानजन्य प्रकारांच्या जोडीला मृदाजन्य प्रकारांची वेगळी मांडणी आहे, आणि शुष्क पानझडी गटात सलईचे वन, बाभळीचे वन, अंजनाचे वन, पळसाचे वन हे सर्व त्या दुसऱ्या मांडणीत स्वतंत्र क्रमांकाने नोंदलेले आहेत. त्याही आधी, १९२१ साली, ट्रूप यांनी भारतीय वृक्षांच्या संवर्धनावरील आपल्या ग्रंथात सागासारख्या प्रमुख वृक्षांच्या बाबतीत भूमीचा निराळा विचार केला होता. दोष मूळ ग्रंथांपेक्षा उताऱ्यात अधिक आहे. मराठीत शालेय भूगोलाने पावसाच्या आकड्यांवर बेतलेले गट तेवढे उचलले आणि मृदाजन्य प्रकार मागे राहिले. एका खारफुटीच्या नावात तेवढी जमीन शिल्लक आहे, आणि तो शब्द कोणा परिभाषा-समितीने घडविलेला नाही, किनाऱ्यावरील लोकांचा आहे.

‘शुष्क’ हे विशेषणही तपासून घेतले पाहिजे. मराठीत ते वाळून गेलेल्या वस्तूला लागते. शुष्क काष्ठ, शुष्क चर्चा या प्रयोगांत रस आटून गेल्याचा भाव आहे. ‘शुष्क वन’ म्हणताच ऐकणाऱ्याला एके काळी हिरवे असून आता वाळलेले वन दिसते. ‘पानझडी’ हा शब्द चांगला बेतला आहे, त्याविषयी तक्रार नाही.

येथे एका जुन्या शब्दाची आठवण अप्रस्तुत होणार नाही. ‘जंगल’ हा शब्द संस्कृत ‘जांगल’पासून आलेला आहे, आणि मुळात तो कोरड्या प्रदेशाचा वाचक होता. या अर्थपालटाकडे फ्रान्सिस झिमरमन यांनी १९८२ च्या आपल्या फ्रेंच ग्रंथात विशेष लक्ष वेधले. आयुर्वेदाने भूमीचे जांगल, आनूप व साधारण असे तीन भेद मानले आहेत. चरकसंहितेच्या कल्पस्थानातील पहिल्या अध्यायात जांगल देशाचे जे वर्णन येते, त्यात मोकळे आकाश आहे, कोरडा वारा आहे, आणि त्याच दमात पातळ, खरबरीत, वाळू-खड्यांची जमीनही आहे. वृक्षांच्या यादीत खदिर, असन, धव, तिनिश, शल्लकी, बदरी, तिंदुक, आमलकी ही नावे आहेत. मराठीत बोलावयाचे तर खैर, बिबळा, धावडा, तिवस, सलई, बोर, टेंभुर्णी, आवळा. सातपुड्याच्या उतारावर चढणाऱ्याला ही यादी परकी वाटणार नाही. साल हा वृक्षही तीत आहे, आणि तो खानदेशात नाही. तेव्हा यादी उत्तरेकडची आहे हे विसरून चालणार नाही. शिवाय वैद्याचा हेतू औषधी गोळा करण्याचा होता, वनशास्त्राचा नव्हे. तरीही वारा, माती आणि झाड ही तिन्ही एका नावाखाली आणण्याची जी दृष्टी तेथे आहे, ती ‘शुष्क पानझडी’त नाही.

मराठीला मातीचे शब्द कमी नाहीत. काळी, बरड, मुरमाड, चोपण, चुनखडी, मळई हे शब्द शेतकऱ्याच्या तोंडी आहेत, आणि ‘काळी’ म्हणजे शिवार व ‘पांढरी’ म्हणजे गावठाण या जोडीवर तर गावाची सारी व्यवस्था उभी होती. पण हे शब्द नांगराबरोबर शेताच्या बांधापर्यंत येऊन थांबले. बांधापलीकडच्या रानाची माती मराठी परिभाषेत निनावी राहिली. सातपुड्यातील भिल्ल व पावरा लोकांच्या बोलींत तिला नावे असणारच. परिभाषाकारांनी तिकडे पाहिले नाही. ग्रामनामांतून ती शोधण्याचा मोह होतो. पळासनेरासारखे एखादे नाव सरळ असते, पण सगळी नावे तशी नसतात, आणि ध्वनिसाम्यावर रचलेली व्युत्पत्ती या भागात फार फसवते.

या निनावीपणाची किंमत झाडांना द्यावी लागते. भारतीय वन सर्वेक्षण संस्था वनांची प्रत छत्राच्या घनतेवरून ठरविते. सत्तर टक्के व अधिक ते अतिघन, चाळीस ते सत्तर मध्यम, दहा ते चाळीस विरळ, त्याखाली झुडपी. मापन म्हणून यात वावगे काही नाही. परंतु कातळावरील सलईचे रान निसर्गतःच विरळ असते. मराठी कारभारी भाषेत ‘विरळ’ला ‘अवनत’ हा शब्द सहज चिकटतो, आणि ‘अवनत’ म्हटले की त्याची उन्नती करणे ओघानेच येते. चराई, तोड आणि वणवा यांनी उजाड झालेला उतार आणि माती पातळ असल्यामुळे मोकळा राहिलेला उतार, हे दोन्ही मग एकाच शब्दाखाली येतात. पहिल्याला रोपांची गरज आहे. दुसऱ्यावर खड्डे खणून साग लावला, तर एक-दोन पावसाळ्यांनंतर साग राहत नाही आणि खणण्याने मोकळी झालेली थोडी मातीही वाहून जाते. महाराष्ट्रात २०१६ साली दोन कोटी वृक्षांच्या संकल्पाने आरंभ झालेली लागवड-मोहीम २०१९ साली तेहतीस कोटींच्या संकल्पापर्यंत गेली. संकल्पाचे शीर्षक संख्येचे होते. कोणते झाड कोणत्या जमिनीवर, हा प्रश्न शीर्षकात मावला नाही.

तेव्हा मूळ ग्रंथातील मृदाजन्य प्रकारांना आता तरी मराठी नावे मिळाली पाहिजेत, आणि ती ‘मृदाजन्य उपप्रकार क्रमांक अमुक’ अशी नकोत. ‘कातळी सलई’, ‘भेगाळीचे अंजन’, ‘काळीतला पळस’ अशा धर्तीची नावे चालतील. त्यांत पंडिती डौल नाही, हा आक्षेप येईल. ‘खारफुटी’तही तो नाही, आणि ज्याने ती खाडी कधी पाहिली नाही अशा ब्राह्मणपुरीच्या विद्यार्थ्यालाही त्या शब्दावरून तेथली माती कळते.